जमिनीची नाडी पाहणारा वनाधिकारी

१९१३ सालचा एप्रिल महिना. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या उत्तर भागात मेंढपाळांमध्ये कुरणांच्या हद्दींवरून तंटे चालू होते. ते मिटवण्यासाठी तिथल्या कार्सन राष्ट्रीय वनाचा सव्वीस वर्षांचा प्रमुख अधिकारी घोड्यावरून निघाला. वाटेत पाऊस, गारा आणि बर्फाने त्याला गाठले. ओल्या अंथरुणात रात्री काढाव्या लागल्या. गुडघे इतके सुजले, की पायांतले बूट कापून सैल करावे लागले. वाटेत भेटलेल्या डॉक्टरने संधिवाताचे निदान करून औषध दिले. परत पोचेपर्यंत चेहरा, हात, पाय सगळेच फुगले होते. सांता फे शहरातल्या डॉक्टरने खरा आजार ओळखला. तो मूत्रपिंडांचा तीव्र दाह होता.

मूत्रपिंडांची गाळणी बिघडली, की शरीरातले मीठ आणि पाणी पुरेसे बाहेर पडत नाही. ते ऊतींमध्ये साचते आणि अंगावर सूज येते. दुखणे गुडघ्यात दिसत होते, पण बिघाड दुसरीकडेच होता. त्या काळी प्रतिजैविके नव्हती, डायलिसिस नव्हते. विश्रांती आणि पथ्य हाच मुख्य उपचार होता. असे कितीतरी रुग्ण दगावत. हा अधिकारी वाचला, पण पूर्ववत कामावर रुजू व्हायला त्याला जवळजवळ दीड वर्ष लागले. पुढच्या काळात डोंगर, कुरण आणि जंगल यांच्याकडेही रुग्णासारखे पाहण्याची नजर ज्यांनी दिली, ते आल्डो लिओपोल्ड हेच. आज वन्यजीव व्यवस्थापन या शास्त्राचे ते जनक मानले जातात. मात्र त्यांनी केलेले पहिले मोठे निदान चुकीचे होते, आणि ते दुरुस्त करायला त्यांना पाव शतक लागले.

लिओपोल्ड यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठावरच्या बर्लिंग्टन गावी झाला. घराणे मूळचे जर्मन. वडिलांचा अक्रोडाच्या लाकडाची मेजे बनवण्याचा कारखाना होता. वडील शिकारीचे शौकीन, पण नियम पाळणारे. कोणत्या हंगामात कोणता पक्षी मारायचा नाही, हे कायद्याने सांगण्याआधीच त्यांनी स्वतःवर बंधन घालून घेतले होते. लहानगा आल्डो त्यांच्याबरोबर दलदलीत आणि रानात हिंडे, पाऊलखुणा वाचे, पक्ष्यांच्या नोंदी ठेवी. येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन १९०९ साली तो अमेरिकेच्या वनखात्यात दाखल झाला आणि ॲरिझोनातल्या अपाची राष्ट्रीय वनात त्याची नेमणूक झाली.

त्याच वर्षीची एक घटना त्यांच्या आयुष्यात खोल रुतून बसली. डोंगराच्या कड्यावर बसलेल्या लिओपोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खाली नदी ओलांडणारी लांडगीण आणि तिची वाढलेली पिल्ले दिसली. लांडगा दिसला की गोळी झाडायची, यात त्या काळी कुणाला काही गैर वाटत नसे. बंदुकांचा बार उडाला. लिओपोल्ड जवळ पोचले, तेव्हा लांडगिणीच्या डोळ्यांतले हिरवे तेज विझत चालले होते. त्या क्षणी त्यांना आपण काही चूक केली असे वाटले नाही. लांडगे कमी झाले, तर हरणे वाढतील आणि लांडगे उरलेच नाहीत, तर ते शिकाऱ्यांचे नंदनवन ठरेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

१९१२ साली त्यांचा विवाह सांता फेच्या एस्टेला यांच्याशी झाला. एस्टेलांचे आजोळ न्यू मेक्सिकोतल्या बड्या मेंढीपालक घराण्यांपैकी एक होते. आजारातून उठल्यावर लिओपोल्ड यांना १९१४ साली अल्बुकर्कीच्या कार्यालयात काम मिळाले, तेही चराई विभागातच. किती जनावरे, किती दिवस, कोणत्या कुरणात सोडायची, याचा हिशेब तिथे होई. अतिचराईने उघडे पडलेले उतार आणि पावसाबरोबर वाहून जाणारी माती त्यांनी जवळून पाहिली. मात्र मेंढ्यांच्या बाबतीत कळलेली गोष्ट हरणांनाही लागू पडते, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला.

त्यासाठी प्राणी नेमके खातात कसे, हे थोडे समजून घ्यायला हवे. गाय आणि शेळी यांना एकाच माळावर सोडले, तर गाय मान खाली घालून गवत ओढत राहते. शेळी मात्र बोरी-बाभळीच्या फांदीला पाय लावून उभी राहते आणि कोवळा पाला निवडून खाते. रानातल्या प्राण्यांतही असेच भेद आहेत. रानगव्यासारखे किंवा अमेरिकेतल्या बायसनसारखे प्राणी मुख्यतः गवतावर जगतात. त्यांचे तोंड रुंद असते आणि कोठीपोट, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा, प्रशस्त असते. तिथे अब्जावधी जिवाणू राठ गवत सावकाश आंबवतात. अमेरिकेतले म्यूल डिअर आणि पांढऱ्या शेपटीचे हरीण ही शेळीच्या पंथातली आहेत. त्यांचे तोंड निमुळते असते आणि कोठीपोट अंगाच्या मानाने लहान. त्यांना पाने, कळ्या, कोवळ्या डहाळ्या, झुडपांचे शेंडे असे थोडक्यात जास्त पोषण देणारे अन्न लागते. पानांमधल्या तुरट टॅनिनला बांधून ठेवणारी प्रथिने त्यांच्या लाळेत असतात.

खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या बाजूनेही एक महत्त्वाचा फरक आहे. गवताची वाढ बुडापासून होते. वरचे पाते कापले गेले, तरी ते खालून पुन्हा वाढते. मुळांना सावरायला वेळ मिळाला, की गवत चराई सोसते. झाडाच्या रोपाची उंची मात्र शेंड्याच्या कळीतून वाढते. हरणाने तो शेंडा दरवर्षी खाल्ला, तर रोप जिवंत राहूनही गुडघ्याएवढेच राहते. वरची जुनी झाडे उभी असल्याने जंगल लांबून हिरवेगार दिसते, पण त्याच्या पोटात नवी पिढीच नसते. माणसाच्या शरीरातले कितीतरी आजार असेच वर्षानुवर्षे लक्षणांविना वाढत राहतात.

ॲरिझोनातल्या कायबाब पठारावर नेमके हेच घडले. १९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हे पठार शिकारीच्या प्राण्यांसाठी राखीव केले. हरणांच्या शिकारीवर बंदी आली. पुढच्या काळात सरकारी शिकाऱ्यांनी शेकडो पहाडी सिंह, म्हणजे प्यूमा, तसेच कोल्ह्याच्या कुळातले हजारो कायोटी आणि उरलेसुरले लांडगे मारले. म्यूल डिअरची संख्या झपाट्याने वाढली. चांगले अन्न मिळालेली मादी बहुधा जुळ्यांना जन्म देते, त्यामुळे वाढीचा वेग थक्क करणारा असतो. १९२४ च्या सुमारास हरणे किती, याचे अंदाज तीस हजारांपासून एक लाखापर्यंत जात होते. झुडपांचे आणि ॲस्पेनच्या रोपांचे शेंडे उरले नाहीत. पुढच्या हिवाळ्यांत हजारो हरणे उपासमारीने मेली.

या आकड्यांवर पुढे संशोधकांनी रास्त शंका घेतल्या. हरणे कुणी एकेक करून मोजलेली नव्हती. शिवाय मेंढ्या आणि गुरे कमी केल्याचाही परिणाम होताच. परंतु लिओपोल्ड यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी कायबाबच्या ॲस्पेन वृक्षांची वये तपासण्यात आली, तेव्हा हरणांच्या त्या सुगीच्या काळात उगवून मोठी झालेली झाडे फारच थोडी आढळली. हरणांच्या संख्येबद्दल वाद राहिला, पण त्यांनी काय खाल्ले याची नोंद जंगलाने ठेवली होती.

लिओपोल्ड स्वतः या काळात लांडगे आणि पहाडी सिंह संपवण्याच्या बाजूने लिहीत-बोलत होते. त्यांच्याच प्रयत्नांतून १९२४ साली न्यू मेक्सिकोतला हिला हा विस्तीर्ण वनप्रदेश रस्ते आणि बांधकामांपासून मुक्त ठेवण्यात आला. हा अशा प्रकारचा पहिलाच निर्णय होता. काही वर्षांतच तिथेही हरणे बेसुमार वाढली. ती मारायला शिकाऱ्यांना आत जाता यावे, म्हणून त्या रानातून मोटारीचा रस्ता काढावा लागला. ज्या रानात रस्ता होऊ नये म्हणून ते झटले, तिथे रस्ता आला, आणि त्याचे मूळ त्यांनीच पाठिंबा दिलेल्या लांडग्यांच्या कत्तलीत होते. ही गोष्ट त्यांना पुढे आयुष्यभर टोचत राहिली.

१९२४ मध्येच त्यांची बदली विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरी झाली. पुढे नोकरी सोडून त्यांनी मध्य-पश्चिम अमेरिकेतल्या वन्यप्राण्यांची पाहणी केली. १९३३ साली ‘गेम मॅनेजमेंट’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना या विषयाचे प्राध्यापकपद दिले. त्यांच्या विचारांना कलाटणी मिळाली ती त्यानंतरच्या दोन प्रवासांत.

पहिला प्रवास १९३५ सालचा, जर्मनीचा. शिस्तबद्ध वनशास्त्राचे माहेरघर पाहायला ते गेले. तिथे स्प्रूसची झाडे कवायतीसारखी रांगेत उभी होती. पण खाली झुडूप नाही, रानफूल नाही. लांडगे कधीच संपले होते आणि हरणे भरपूर होती. त्यांना जगवायला हिवाळ्यात गव्हाणी भरून चारा घालावा लागे आणि रोपे वाचवायला कुंपणे घालावी लागत. जंगल आणि हरीण दोघेही माणसाच्या आधारावर जगत होते.

दुसरा प्रवास १९३६ सालचा आणि पुन्हा १९३७ च्या हिवाळ्यातला, उत्तर मेक्सिकोतल्या सिएरा माद्रे पर्वतातला. ॲरिझोना-न्यू मेक्सिकोच्या सीमेपलीकडचाच हा मुलूख. तीच माती, तोच पाऊस. पण इथे गुरांचे कळप फारसे पोचले नव्हते. पहाडी सिंह होते, लांडगे होते आणि हरणेही भरपूर होती. तरीही उतार गवताने झाकलेले, नदीचे पाणी नितळ आणि काठ शाबूत. लिओपोल्ड यांना उमगले, की आपण आयुष्यभर जी जमीन पाहिली, ती सगळी कमी-अधिक आजारीच होती. निरोगी डोंगर कसा दिसतो, हे ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर प्रथमच पाहत होते. निरोगी शरीराची रचना ठाऊक नसेल, तर रोग ओळखता येत नाही, हे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. जमिनीच्या बाबतीत हा धडा कुणी शिकवलेला नव्हता. तेव्हापासून जमिनीचे आरोग्य ही कल्पना त्यांच्या लेखनाच्या केंद्रस्थानी आली. झीज भरून काढत स्वतःला पुन्हा पुन्हा उभे करण्याची जमिनीची क्षमता, हा त्यांच्या मते आरोग्याचा अर्थ होता.

या विचाराची कसोटी लागली ती घरच्याच अंगणात. विस्कॉन्सिनच्या उत्तरेत मोठे जंगल तोडले गेले होते. तिथे माजलेल्या कोवळ्या झुडपांवर हरणे पोसली गेली. लांडगे जवळजवळ नाहीसे झाले होते. १९१५ पासून फक्त शिंगे असलेल्या नराच्याच शिकारीला परवानगी असे. माद्या आणि पाडसांना कायद्याचे संरक्षण होते आणि लोकांच्या मनात त्यांच्याविषयी माया होती. कडाक्याच्या हिवाळ्यात ही हरणे सायप्रसच्या कुळातल्या व्हाइट सीडार वृक्षांच्या दलदलीत आसऱ्याला एकत्र येत आणि त्याचाच पाला खाऊन तगत. १९४२ साली नागरिकांची एक समिती लिओपोल्ड यांच्या अध्यक्षतेखाली या ठिकाणांची पाहणी करू लागली. सीडारच्या झाडांना हरणाचे तोंड पोचेल त्या उंचीपर्यंत एकही हिरवे पान उरलेले नव्हते. त्या उंचीवर जणू कुणी दोरी धरून आखल्यासारखी सरळ रेघ उमटली होती. खाली पाडसे मरून पडली होती. मोठी हरणे मान उंचावून काहीतरी ओरबाडू शकत, पाडसांचे तोंड तिथवर पोचत नसे.

मेलेल्या हरणांपैकी कित्येकांची पोटे भरलेली असत. ऐकायला विचित्र वाटते, पण रवंथ करणाऱ्या प्राण्यांत हे घडते. सीडार संपल्यावर हरणे बाल्सम फर या झाडाचा पाला खातात. तो पोट भरतो, पण त्यावर हरीण जगत नाही. लोक दयेने गवताच्या पेंढ्या टाकत, पण हरणाचे लहान कोठीपोट आणि त्यातले जिवाणू हिवाळ्यात अशा राठ चाऱ्याला सरावलेले नसतात. एकदम भरपूर मका घातला, तर पोटात आम्ल वाढून प्राणी दगावू शकतो. उपासमारीने मेलेल्या हरणाच्या मांडीचे हाड फोडले, तर आतला मगज पांढरा आणि स्निग्ध न राहता लालसर, पातळ जेलीसारखा झालेला दिसतो. शरीराने वापरलेली ही चरबीची शेवटची शिल्लक असते.

उपाय एकच होता, तो म्हणजे हरणे कमी करणे. त्यासाठी माद्यांची शिकार खुली करणे भाग होते. १९४३ साली लिओपोल्ड राज्याच्या संवर्धन आयोगाचे सदस्य झाले आणि त्या वर्षीच्या हंगामात माद्या आणि पाडसे मारायला परवानगी मिळाली. सव्वा लाखाहून अधिक हरणे मारली गेली. राज्यात संतापाची लाट उसळली. निष्पाप पाडसांचा वध करवणारा प्राध्यापक, अशी त्यांची प्रतिमा रंगवली गेली. हरणे वाचवा म्हणून खास एक पत्रक निघू लागले आणि त्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पुढच्याच वर्षी आयोगाला माघार घ्यावी लागली. लिओपोल्ड मात्र आपल्या मतापासून हटले नाहीत. ते सभांना जात, शिव्या ऐकून घेत आणि सीडारच्या रोपांबद्दल बोलत राहत. समोरच्यांना हरीण दिसत होते, रोप दिसत नव्हते. तरुणपणी ते स्वतःही असेच पाहत असत, त्यामुळे लोकांना ही गोष्ट का पटत नाही, हे त्यांना कळत होते.

त्याच गदारोळात, १९४४ च्या एप्रिलमध्ये, त्यांनी पस्तीस वर्षांपूर्वी मारलेल्या लांडगिणीवर एक छोटा निबंध लिहिला. लांडगा गेला की स्वर्ग अवतरेल हा आपला समज कसा खोटा होता, याची ती जाहीर कबुली होती. हरीण लांडग्याला जसे घाबरते, तसा डोंगर हरणांना घाबरत असावा, असे त्यांनी त्यात सुचवले. लांडग्याने मारलेल्या हरणाची जागा दोन-तीन वर्षांत भरून निघते, पण हरणांनी खाऊन उजाड केलेला डोंगर सावरायला तितकीच दशकेही पुरत नाहीत, हा त्यांचा हिशेब होता. त्याच सुमारास यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे पुन्हा का सोडू नयेत, असा प्रश्नही त्यांनी लेखी विचारला. त्याला प्रत्यक्ष उत्तर मिळाले ते १९९५ साली, जेव्हा लांडगे खरोखर तिथे परत आणले गेले.

आता शरीर थकत चालले होते. चेहऱ्याच्या एका बाजूला विजेच्या झटक्यासारखी कळ मारणाऱ्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियाने त्यांना जेरीस आणले. चेहऱ्याला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूच्या या विकारात बोलणे, खाणे, साधी वाऱ्याची झुळूकही असह्य होते. त्यावर आज मिळणारी औषधे तेव्हा उपलब्ध नव्हती. १९४७ च्या सप्टेंबरमध्ये मेयो क्लिनिकमध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. सुट्टीच्या दिवशी मात्र ते सहकुटुंब बाराबू गावाजवळच्या आपल्या शेतावर जात. १९३५ साली विकत घेतलेली ती नापीक, वाळूची जमीन होती. तिथल्या एका जुन्या खुराड्याची झोपडी करून त्यांनी, एस्टेलांनी आणि पाच मुलांनी दरवर्षी हजारो पाइन लावले. सुरुवातीची कित्येक रोपे दुष्काळात जळाली. ती पुन्हा लावली गेली.

१४ एप्रिल १९४८ रोजी त्यांच्या निबंधसंग्रहाचा स्वीकार झाल्याचा निरोप प्रकाशकाकडून फोनवर आला. बरोबर एका आठवड्याने, २१ एप्रिलला, शेजाऱ्याच्या शेतात गवताला आग लागली आणि ती पाइनच्या रोपांकडे सरकू लागली. लिओपोल्ड ती विझवायला धावले. धुरात आणि धावपळीत हृदयविकाराचा झटका येऊन त्यांचा तिथेच अंत झाला. वय होते ६१. ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे पुस्तक पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा लूना याने संपादित करून प्रसिद्ध केले. त्याच्या आजवर वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या आहेत. त्यांच्या पाच मुलांपैकी तिघे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडले गेले.

हरणांसाठी त्यांनी जे मागितले होते, तेही त्यांच्या मागे काही काळातच विस्कॉन्सिनने मान्य केले आणि माद्यांच्या शिकारीचा हंगाम पुन्हा सुरू झाला. आज जंगलात हरणे किती असावीत हे ठरवताना केवळ हरणांची डोकी मोजून भागत नाही. वनाधिकारी वाकून रोपांचे शेंडे तपासतात, ते खुडलेले आहेत की वाढते आहेत, याची नोंद करतात. काही ठिकाणी छोटा तुकडा कुंपणाने बंद करून आतली आणि बाहेरची वाढ ताडून पाहतात. लिओपोल्ड यांच्या झोपडीभोवतीचे पाइन आता उंच झाले आहेत.